वाकायामा: समुद्राकडून वाचायचा प्रांत

जपानला निघालेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "वाकायामा प्रांतात आठवडाभर राहायचा बेत आहे. सगळीकडे कोयासान आणि कुमानोच्या पायवाटा एवढंच वाचायला मिळतं. या प्रांताचा भूगोल आणि इतिहास एकमेकांना धरून कसा समजून घ्यावा? आपल्याकडच्या माणसाने तिथे मुद्दाम काय पाहावं?"

जपानीचा दुभाषी आणि मराठी गटांचा वाटाड्या म्हणून मी या किनाऱ्यावर बरीच वर्षं हिंडतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बहुतेक लोक वाकायामाकडे ओसाका, क्योतो आणि नारा यांच्या मागचा डोंगराळ भाग म्हणून बघतात. तसं पाहिलं की देवळं, गरम पाण्याचे झरे आणि संत्री अशी सुटी यादी हाती लागते. समुद्राकडून बघायला लागलं की हेच सगळं एकमेकांना जोडलं जातं. या प्रांताने जे मिळवलं आणि जे गमावलं, त्यातलं बहुतेक समुद्रावाटे आलं आणि समुद्रावाटे गेलं.

आधी जमीन. होन्शू बेटाच्या दक्षिण अंगाला पॅसिफिकमध्ये घुसलेलं ‘किई’ हे जपानमधलं सर्वांत मोठं द्वीपकल्प. त्याची पश्चिम आणि दक्षिण बाजू म्हणजे वाकायामा. क्षेत्रफळ सुमारे ४,७२५ चौरस किलोमीटर, त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ९ लाख २० हजार भरली आणि ती घटतेच आहे. मोठी सपाटी एकच, उत्तरेला किनोकावा नदीच्या मुखाशी. तिथेच वाकायामा शहर आहे. तिथून दक्षिणेला निघालात की डोंगर थेट पाण्यात उतरतात. गावं बसली आहेत ती नद्यांच्या मुखांशी आणि छोट्या खाड्यांत, एकमेकांकडे पाठ करून. शेजारच्या गावी जायला डोंगर ओलांडण्यापेक्षा होडी सोपी पडायची. वाकायामा ते शिंगू हा सुमारे २०० किलोमीटरचा लोहमार्ग सलग जोडला गेला तो १९४० मध्ये. तोपर्यंत दक्षिणेकडच्या माणसाचा बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः बोटीनेच होता.

टोकाला कुशिमोतोजवळ शिओनोमिसाकी हे भूशिर आहे. होन्शूचं हे दक्षिण टोक. त्याच्या अगदी जवळून कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह जातो. त्यामुळे इथे हिवाळा सौम्य, पाऊस भरपूर आणि समुद्रात प्रवाळ. कुशिमोतोच्या प्रवाळांना २००५ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. पावसाचा आकडा कोकणच्या माणसाला ओळखीचा वाटेल, पण कोकणात तो चार महिन्यांत कोसळतो आणि इथे वर्षभर विभागला जातो. जून-जुलैच्या झडीनंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चक्रीवादळं येतात. सप्टेंबर २०११ च्या वादळात नाची नदीच्या खोऱ्यात दरडी कोसळून गावंच्या गावं चिखलात गेली. कुमानो होंगू हे मोठं देवस्थान १८८९ च्या महापुरापर्यंत नदीच्या वाळवंटात उभं होतं. त्या पुरात बरीचशी देवळं वाहून गेली. जी उरली ती दोन वर्षांनी टेकडीवर नेऊन पुन्हा उभारली. आज मूळ जागी ओयुनोहारा येथे २००० साली उभारलेली ३३.९ मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवस्थानाच्या प्रवेशाची कमान आहे. पर्यटक कमानीचा फोटो काढतात आणि निघतात. मी गटाला नदीकाठी उभं करतो आणि पाणी कुठवर चढलं असेल याचा अंदाज बांधायला सांगतो.

खडकही सांगण्यासारखे आहेत. सुमारे १.४ ते १.५ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले. त्या काळी थंड झालेल्या कठीण खडकावरून नाचीचा धबधबा १३३ मीटर खाली पडतो. कुशिमोतोच्या किनाऱ्यावर ८५० मीटरभर ओळीने उभे असलेले हाशिगुई इवा हे सुळकेही त्याच काळातले. त्यांच्याभोवती किनारपट्टीवर मोठमोठे धोंडे विखुरलेत. त्यातले काही १७०७ च्या त्सुनामीने फेकले असावेत, असं अभ्यासक मानतात. आज इथे एकही जागृत ज्वालामुखी नाही, तरी युनोमिने येथे कढत पाण्याचे झरे वाहतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा किनारा सगळ्यात जास्त मानतो, तिच्याकडे येतो. समोरच्या समुद्रात नानकाई ही खोल द्रोणी आहे. तिथे फिलिपाईन समुद्राचा भूपट्ट जपानखाली घुसतो, ताण साठतो आणि साधारण शंभर ते दीडशे वर्षांनी सुटतो. १७०७, १८५४, १९४४ आणि १९४६ हे त्यातले ठळक धक्के. १८५४ मध्ये २३ डिसेंबरला पूर्वेकडच्या भागात भूकंप झाला आणि सुमारे ३२ तासांनी, २४ तारखेच्या संध्याकाळी, पश्चिमेकडच्या भागात दुसरा.

त्या संध्याकाळी हिरो या किनारी गावात हामागुची गोर्यो नावाचा माणूस होता. घराण्याचा सोया सॉसचा धंदा तोक्योजवळच्या चोशी येथे, पण मूळ घर इथलं. लाट आली, अंधार पडला, लोकांना वाट दिसेना. कोणी पाण्यात चाचपडत होते, कोणी वाहून आलेल्या ओंडक्यांत अडकले होते. हामागुचीने मशाली घेऊन जाणाऱ्या माणसांकरवी रस्त्याच्या कडेच्या भाताच्या उडव्या पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने लोक टेकडीवरच्या हाचिमान देवळाकडे चढले. गावातले बहुतेक लोक वाचले. पुढे या प्रसंगाची जी कथा जगभर गेली, तिच्यात एक म्हातारा डोंगरावरून लाट येताना पाहतो आणि इशारा म्हणून स्वतःचं पीक पेटवतो. खरा हामागुची तेव्हा पस्तिशीतला होता आणि आग लावली ती लाट आल्यावर, अंधारात वाट दाखवण्यासाठी.

मला त्या आगीपेक्षा नंतरची चार वर्षं मोठी वाटतात. घरं गेली, होड्या मोडल्या, जाळी वाहून गेली, लोक गाव सोडायच्या बेतात होते. हामागुचीने स्वतःच्या पैशाने समुद्रकाठी मातीचा बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच मजुरीवर लावलं. हाताला काम, रोज मजुरी आणि पुढच्या लाटेला आडोसा, असं तिन्ही एकाच कामातून साधलं. १८५८ मध्ये बांध पुरा झाला: लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर, पायथ्याची रुंदी २० मीटर, समुद्राच्या बाजूला पाइनची झाडं. हामागुची १८८५ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात न्यूयॉर्कला वारला. त्यानंतर सहा दशकांनी, २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे, पुन्हा भूकंप झाला आणि सुमारे चार मीटरची लाट आली. बांधाने गावाचा मोठा भाग राखला. बांधाच्या आडोशाबाहेर जी वस्ती झाली होती, तिथे मात्र माणसं दगावली. बांध घालणाऱ्याला त्याचा उपयोग बघायला मिळाला नाही, तरी त्याने तो पुढच्या पिढ्यांच्या मापाने बांधला होता. आपत्ती व्यवस्थापनावर बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा त्या बांधावरून चालावं, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या जपानी पंचांगानुसार त्या भूकंपाचा दिवस अकराव्या महिन्याची पाचवी तिथी. तो धागा धरून संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. गावात मात्र स्मरणाची रीत त्याहून जुनी आहे. १९०३ पासून दर नोव्हेंबरात त्सुनामीचा उत्सव होतो आणि शाळकरी मुलं बांधावर माती टाकतात. पुढचा नानकाई भूकंप येणार हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुशिमोतोसारख्या ठिकाणी पहिली लाट काही मिनिटांतच पोचेल असा अंदाज आहे, म्हणून तिथे रुग्णालय आणि नगरपालिकेचं कार्यालय उंचावर हलवलं. रस्त्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेल्या पाट्या दिसतील. त्या वाचत चला, आणि मुक्कामी पोचल्यावर उंचावर जायची वाट कुठून आहे हे आधी विचारा.

धर्माचा इतिहासही असाच समुद्राशी बांधलेला आहे. प्रांताच्या दक्षिणेकडच्या कुमानो भागातली तीन देवस्थानं म्हणजे होंगू, शिंगूचं हायातामा आणि नाची. अकराव्या ते तेराव्या शतकात क्योतोचे निवृत्त सम्राट इथे वारंवार यायचे. गोशिराकावा ३४ वेळा आला असं मानतात. त्यांच्यामागून सामान्य माणसंही येऊ लागली. कुमानोने बायकांना अडवलं नाही, आजाऱ्यांना अडवलं नाही. त्या काळच्या विटाळाच्या कल्पना पाहता ही मोठी गोष्ट होती. शेजारच्या कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर बायकांना बंदी होती. सरकारने १८७२ मध्ये अशी बंदी उठवायचा हुकूम काढला, तरी डोंगरावर ती पूर्ण सैल व्हायला आणखी काही दशकं गेली. प्रवेशाच्या वाटेवरचं न्योनिनदो हे बायकांसाठीचं देऊळ त्या काळाची खूण म्हणून उभं आहे. बाया तिथवरच येऊन नमस्कार करून परतायच्या. कुमानोच्या वाटा, कोयासान आणि योशिनो यांना २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात एकत्र जागा मिळाली.

भारतीय माणसाने नाचीला गेल्यावर धबधब्याशीच थांबू नये. शेजारचं सेइगांतोजी हे पश्चिम जपानच्या ३३ कान्नोन क्षेत्रांपैकी पहिलं. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. आख्यायिका सांगते की फार पूर्वी भारतातून वाहत आलेल्या रागयो नावाच्या साधूने हे स्थान शोधलं. याला इतिहासाचा आधार नाही, पण इथल्या लोकांनी आपल्या देवाचा उगम समुद्रापलीकडे भारतात कल्पिला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. खाली किनाऱ्याजवळ फुदाराकुसानजी हे छोटं देऊळ आहे. अवलोकितेश्वराचा निवास असलेला पोतलक पर्वत दक्षिणेला, समुद्रापार आहे अशी श्रद्धा होती. सातव्या शतकात ह्युएन त्संगने तो दक्षिण भारतात, मलय पर्वताजवळ सांगितला. त्या पर्वतावर पोचण्यासाठी इथले भिक्षू छोट्या होडीतल्या खोलीत बसायचे, दार बाहेरून ठोकून बंद केलं जायचं, महिनाभराचं अन्न आत असायचं आणि होडी खुल्या समुद्रात सोडली जायची. परंपरेनुसार पहिली होडी ८६८ मध्ये गेली, शेवटची १७२२ मध्ये. सोळाव्या शतकात कोन्कोबो नावाचा भिक्षू होडीतून निसटून एका बेटावर चढला आणि त्याला पकडून पुन्हा पाण्यात लोटलं, असं सांगतात. त्यानंतर जिवंत माणसाला पाठवणं थांबलं, फक्त मृत भिक्षूंचे देह जाऊ लागले. देवळाच्या आवारात तशी एक होडी पुन्हा बांधून ठेवली आहे.

इथे महाराष्ट्राशी खरा धागा लागतो. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि कान्हेरीला अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना तारताना कोरला आहे, आणि त्या संकटांत बुडणारं गलबतही आहे. तिथे तो समुद्रातून वाचवणारा आहे. नाचीच्या भिक्षूंनी त्याच्याकडे जायला समुद्रच निवडला. दोन्ही पाहिलेल्या माणसाला हा फरक विसरता येत नाही.

कोयासान किनाऱ्यापासून दूर, सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, पण त्याचाही आरंभ जलप्रवासातच. त्याचा संस्थापक, कुकाई हा भिक्षू, ८०४ मध्ये वादळं झेलत चीनला गेला. तिथे हुइगुओकडून गूढ बौद्ध परंपरा शिकला, प्रज्ञा या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये परतला. ८१६ मध्ये सम्राट सागाने त्याला हा डोंगर दिला. ओकुनोइनच्या स्मशानात दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्यातल्या पाच थरांच्या दगडी स्तंभांकडे नीट बघा. वरून खाली ख, ह, र, व, अ अशी अक्षरं सिद्धम् लिपीत कोरलेली असतात: आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी. सिद्धम् आणि नागरी या एकाच घराण्यातल्या लिप्या, त्यामुळे थोड्या सवयीने मराठी माणूस त्या दगडांवरची काही वळणं ओळखू लागतो. जपानी पर्यटक मात्र त्यांवरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. याच गावातल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. त्याआधी २०१३ मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला होता. पुतळ्याचं दर्शन घेऊन मगच स्मशानाकडे जावं.

राजकीय इतिहास थोडक्यात उरकतो. सोळाव्या शतकात नेगोरोचे भिक्षू आणि साइकाचे बंदूकधारी इथे कुणाच्या ताब्यात न राहता जगत होते. १५८५ मध्ये हिदेयोशी या बलाढ्य सेनानीने त्यांना मोडलं आणि वाकायामाचा किल्ला उभा राहिला. १६१९ पासून तिथे तोकुगावा घराण्याची शाखा नांदली. या घराण्याचा आठवा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, योशिमुने याच शाखेतला. किल्ला जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आजचा १९५८ चा, काँक्रीटचा. वेळ कमी असेल तर तो वगळा.

कुशिमोतोसमोरच्या ओशिमा बेटाला मात्र अख्खा दिवस द्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये नॉर्मंटन हे ब्रिटिश जहाज याच समुद्रात बुडालं. कप्तान आणि गोरे खलाशी होड्यांतून सुटले, सर्व २५ जपानी प्रवासी बुडाले. जहाजावरचे भारतीय खलाशीही मेले आणि त्यांची आठवण फार कमी ठिकाणी निघते. कप्तानाला ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयाने आधी निर्दोष सोडलं. जपानमध्ये संताप उसळल्यावर दुसऱ्या खटल्यात त्याला तीन महिन्यांची कैद झाली. परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालवता येत नाही, हे असमान तहांचं दुखणं त्या दिवसांत घराघरांत समजलं.

चारच वर्षांनी, १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री, तुर्कस्तानच्या सुलतानाची एर्तुग्रुल ही युद्धनौका ओशिमाच्या काशिनोझाकी टोकाशी खडकांवर फुटली. पाचशेहून जास्त माणसं गेली, ६९ वाचली. काही जण दीपगृहाच्या उजेडाकडे कडा चढून गेले. तिथल्या कोळ्यांनी वादळात कडे उतरून जखमींना पाठीवर वर आणलं, अंगाच्या उबेने त्यांना धग दिली, घरातली रताळी आणि कोंबड्या त्यांना खाऊ घातल्या. त्या गावाकडे स्वतःसाठीही पुरेसं अन्न नव्हतं. १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये अडकलेल्या २१५ जपानी माणसांना तुर्की विमानांनी बाहेर काढलं, तेव्हा दोन्ही देशांत लोकांनी ओशिमाची आठवण काढली. ते १८७० चं दगडी दीपगृह, स्मारक आणि संग्रहालय एकमेकांजवळच आहेत.

याच किनाऱ्यावर ताइजी आहे. १६०६ पासून इथे संघटित देवमासे-शिकार चालायची, १६७५ च्या सुमारास जाळ्यांची पद्धत आली. डिसेंबर १८७८ मध्ये पिल्लासह निघालेल्या मादीमागे गेलेल्या होड्या वादळात सापडल्या आणि शंभराहून जास्त माणसं परतली नाहीत. गावाचा धंदा त्यातून कधीच पुरता सावरला नाही. आज ताइजीचं नाव निघालं की डॉल्फिनच्या शिकारीचा वाद निघतो. मला स्वतःला ती शिकार पटत नाही. तरी संग्रहालयात जाऊन आधी त्या गावाचं चारशे वर्षांचं आयुष्य समजून घ्या, मग मत बनवा. शेती नाही आणि मासेमारी बेभरवशाची, म्हणून इथली माणसं दूरदेशी गेली. ताइजी आणि कुशिमोतोची माणसं ऑस्ट्रेलियात ब्रूम आणि थर्सडे बेटावर मोत्यांच्या शिंपल्यांसाठी पाणबुडी करायला गेली, आणि ब्रूमच्या जपानी दफनभूमीत त्यांतल्या कितीतरी जणांची थडगी आहेत. मिओ गावच्या कुनो गिहेईने १८८८ च्या सुमारास कॅनडाच्या स्टीव्हस्टनची वाट दाखवली आणि गावातली माणसं सॅमन मासेमारीसाठी तिकडे लोटली. मिओला आजही लोक अमेरिका गाव म्हणतात.

जंगलाच्या बाजूने एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: मिनाकाता कुमागुसु, १८६७ ते १९४१. लंडनमध्ये अभ्यास करून परतला आणि तानाबे गावी राहून बुरशी आणि स्लाइम मोल्ड हे बुरशीसारखे दिसणारे बुळबुळीत जीव गोळा करत राहिला. १९०६ मध्ये सरकारने लहान देवळं एकत्र करायचा हुकूम काढला. देऊळ गेलं की भोवतीची देवराई तोडायला मोकळी. वाकायामात ही मोहीम फार कडकपणे राबवली गेली. कुमागुसुने लेख लिहिले, पत्रं लिहिली, सभेत घुसून गोंधळ घातल्याबद्दल १९१० मध्ये कोठडीत बसला. तानाबेच्या उपसागरातलं काशिमा बेट त्यामुळे वाचलं, आणि १९२९ मध्ये खुद्द सम्राटाला त्याने आपले ११० नमुने कॅरॅमलच्या खोक्यांत घालून भेट दिले. जिथे देवराया आजही सर्व्हे नंबरासाठी तोडल्या जातात, त्या आपल्याकडच्या माणसांनी त्याचं तानाबेमधलं घर जरूर पाहावं.

हानाओका सेइशू समुद्राच्या धाग्यात बसत नाही, पण किनोकावाच्या खोऱ्यात गेलात तर आठवा. १८०४ मध्ये त्याने वनस्पतींच्या औषधाने रुग्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, बॉस्टनमध्ये इथरने बेशुद्ध करून झालेल्या प्रसिद्ध शस्त्रक्रियेच्या ४२ वर्षं आधी. औषधाच्या चाचण्यांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली.

आता बेत. ओसाकाहून कुरोशिओ एक्सप्रेस पकडा आणि शिंगूकडे जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. पहिला दिवस युआसा आणि हिरो. बांध आणि संग्रहालय युआसा स्टेशनवरून चालत होतं, आणि युआसा ही जपानी सोया सॉसची जुनी पेठ आहे. मग तानाबे. जवळच्या मिनाबेच्या डोंगरउतारांवर उमे या आंबट जपानी फळाच्या बागा आणि कोळशासाठी राखलेली ओकची झाडं एकत्र दिसतात. या पद्धतीला २०१५ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. खारवलेली उमे आपल्या लोणच्याच्या जिभेला लगेच आवडते. पुढे दोन दिवस कुशिमोतो आणि ताइजी, दोन दिवस नाची, शिंगू आणि होंगू. कोयासान शेवटी ठेवा. शिराहामा हे स्नानाचं गाव वाटेत आहे, पण गर्दी फार. तोच वेळ युनोमिनेला द्या. सप्टेंबर टाळा. फेब्रुवारीच्या मध्यात गेलात तर उमे फुललेली असेल, नोव्हेंबरच्या आरंभी गेलात तर हिरोचा उत्सव सापडू शकेल. त्याची तारीख गावच्या कार्यालयात विचारून मगच तिकीट काढा.